ओळंबा, गुण्या आणि शाळा

बहुतेक शाळांच्या आसपास कुठे ना कुठे बांधकाम चालू असते. मुले येता-जाता ते पाहतात. खडीचे ढीग, सळयांचे सांगाडे, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, परातीवर उभा राहून थापीने गिलावा करणारा गवंडी हे सारे त्यांच्या ओळखीचे असते. शाळेचा मात्र या बांधकामाशी संबंध बहुधा एवढाच येतो, की मिक्सरच्या आवाजामुळे वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'दप्तराविना' दिवस सुचवले आहेत. या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणकारांकडे उमेदवारी करावी, अशी कल्पना आहे. ही नावे उदाहरणादाखल आहेत. गवंडी, फरशी बसवणारा, नळजोडणी करणारा, वीजजोडणी करणारा हे सारे त्यात सहज बसतात. तेव्हा मुलांना बांधकामावर न्यायचे तर कशासाठी आणि कसे, हा प्रश्न आता शिक्षकांपुढे आलाच आहे. कल्पना मात्र नवी नाही. गेल्या साडेतीनशे वर्षांत ती अनेकांनी अनेक प्रकारे करून पाहिली आहे. तो इतिहास चाळताना दोन प्रश्न हाताशी ठेवावेत, असे आम्हाला वाटते. पहिला, मुलाच्या हातून झालेली चूक तिथे कोण दाखवतो, शिक्षक की ती वस्तूच? दुसरा, तिथे कोणाची मुले जातात?

चित्र, भेट आणि हत्यार

१६५८ साली कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे 'ऑर्बिस पिक्टस' हे पुस्तक न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. मुलांसाठी चित्रे घालून केलेल्या पाठ्यपुस्तकांत ते अगदी आरंभीचे मानले जाते. त्यात देव, प्राणी, वनस्पती यांच्याबरोबरच सुतार, गवंडी, लोहार, कुंभार यांचीही चित्रे आहेत. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि बाजूला तिचे नाव. लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात गवंड्याच्या हत्यारांना जागा मिळाली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढच्या पिढीत जर्मनीतील हाले येथे फ्रांके यांनी काढलेल्या शाळांत मुलांना कारागिरांच्या कामाच्या जागी नेण्याची पद्धत पडली. चित्राची जागा भेटीने घेतली. तरीही मूल अजून बघेच होते.

हत्यार मुलाच्या हाती आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही दोन वेगळ्या वाटांनी. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ च्या कायद्याने प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय शिकवला जाऊ लागला. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी त्याची शिस्तशीर पद्धत बसवली. तिला 'स्लॉइड' म्हणतात. तिच्यात मुले चाकू, करवत, रंधा यांनी घरात उपयोगी पडणाऱ्या लाकडी वस्तू करीत. सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जायचे, पण प्रत्येक वस्तू पुरी करून घरी न्यायची. दुसरी वाट मॉस्कोच्या तंत्रशाळेत १८६८ च्या सुमारास व्हिक्टर देला-वोस यांनी आखली. त्यांनी कामाचे तुकडे पाडले. आधी नुसते कापणे, मग नुसते तासणे, मग एकेका प्रकारचा सांधा. वस्तू अशी काही करायचीच नाही. हे सांधे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि अमेरिकेतील अनेक तंत्रशाळांनी तीच पद्धत उचलली.

या दोन वाटांतला फरक आजही आपल्या उपयोगाचा आहे. मॉस्को पद्धतीतला सांधा बरोबर की चूक हे शिक्षक मापे घेऊन सांगतो. स्लॉइडमध्ये केलेले बाकडे डुगडुगले, तर ते घरातल्या कोणालाही कळते. मुलाला तर पहिल्याप्रथम कळते.

तीन भट्ट्या फसल्या, चौथी साधली

बाकड्यावरून इमारतीपर्यंतची उडी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे मारली गेली. १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी संपली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८८१ च्या जुलैत, गुलाम म्हणूनच जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तेथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत तीस विद्यार्थी होते. पंधरा वर्षांखालील कोणाला घेतले नव्हते आणि त्यांतले बरेचसे स्वतःच शाळामास्तर होते. इमारत नव्हती. वॉशिंग्टन यांनी ठरवले, की ती विद्यार्थ्यांनीच बांधायची, आणि विटाही त्यांनीच पाडायच्या.

आपल्या आत्मचरित्रात वॉशिंग्टन यांनी याची हकिगत दिली आहे. चिखलात गुडघाभर उभे राहून विटा पाडायचे काम कोणालाच आवडेना. काहींनी शाळा सोडली. आम्ही मुलांना पुस्तके शिकायला पाठवले, मजुरी करायला नाही, अशी पालकांची तक्रार होती. सुमारे पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी नीट रचली नव्हती, म्हणून फसली. दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर पेटती होती आणि आता साधली असे वाटत असतानाच ढासळली. हातात पैसा उरला नाही. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र परत सोडवता आले नाही. पुढे विद्यार्थी एका हंगामात बारा लाख विटा पाडू लागले. आत्मचरित्र १९०१ साली प्रसिद्ध झाले, तोवर शाळेच्या चाळीस इमारतींपैकी चार सोडून बाकी सर्व जवळजवळ संपूर्णपणे विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या होत्या.

भट्ट्या का फसल्या असाव्यात हे समजून घेणे म्हणजे विज्ञानाचा एक चांगला पाठच आहे. कच्ची वीट वाळली तरी तिच्यात पाणी असते. आच एकदम वाढवली तर त्या पाण्याची वाफ होऊन वीट तडकते. म्हणून आधी मंद आच, मग हळूहळू वाढवत साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. तेव्हा मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांना धरतात. विटा रचताना त्यांच्यामध्ये गरम हवा खेळायला वाटा ठेवल्या नाहीत, तर आतल्या विटा कच्च्या राहतात आणि आचेजवळच्या वितळून वेड्यावाकड्या होतात. यांतले काहीही शिक्षकाने नुसते सांगून पटत नाही. भट्टी उघडली की ती सांगते.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर टस्कीगीत असे भरभक्कम मिळते. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र अडखळायला होते. डब्ल्यू. ई. बी. द्यू बोआ या कृष्णवर्णीय विद्वानाने १९०३ साली वॉशिंग्टन यांच्या धोरणावर कठोर टीका केली. कृष्णवर्णीयांनी राजकीय हक्क आणि उच्च शिक्षण यांचा आग्रह सोडून हातचे काम शिकावे, असा या धोरणाचा अर्थ होतो, आणि म्हणजे त्यांची खालची जागा मान्य करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. टीका बिनबुडाची नव्हती. गोऱ्यांची मुले विटा पाडीत नव्हती. पण टस्कीगीच्याच इतिहासात दुसरेही एक उदाहरण आहे. तेथील अनेक इमारतींचे आराखडे रॉबर्ट टेलर यांनी केले. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले सुतार-कंत्राटदार, आणि टेलर स्वतः मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८९२ साली पदवी घेतलेले वास्तुशास्त्रज्ञ. त्या संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होत. म्हणजे विद्यार्थी विटा रचत होते ते त्यांच्यासारख्याच एकाने काढलेल्या नकाशावरून. हात आणि डोके अशी वाटणी तिथे निदान रंगावरून झालेली नव्हती.

पुण्याचा एक कंत्राटदार

टस्कीगीत पहिल्या भट्ट्या लागत होत्या त्याच सुमारास, १८८२ च्या ऑक्टोबरात, पुण्यात जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. फुले समाजसुधारक होते हे आपण मुलांना सांगतो. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना त्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला होता. तेव्हा अलाबामातल्या शाळेमागचा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

त्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांविषयी एक मुद्दा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असे फुले सुचवतात. एक कारण हे, की ते लोकांत मिसळतील. आणखी एक गुण ते सांगतात, तो असा, की वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही. इथे चर्चा मुलांच्या कौशल्याची नाही, गुरुजींच्या लाजेची आहे. शिक्षकाला ज्या कामाची लाज वाटते ते काम वर्गात कितीही आणले, तरी मुले लाजच शिकतात. फुल्यांनी हे १८८२ साली ओळखले होते.

वर्धा ते पाबळ

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, असा ठराव झाला. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना तयार केली. तिलाच आपण नई तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणतो. तिच्यातला मुख्य उद्योग सूतकताईचा होता, बांधकामाचा नव्हे. पण उद्योगातूनच गणित आणि विज्ञान शिकवायचे, आणि हे शिक्षण सर्वच मुलांना द्यायचे, हे त्यातले सूत्र महत्त्वाचे होते. आमच्या दुसऱ्या प्रश्नाला दिलेले ते स्पष्ट उत्तर होते. शहरी मध्यमवर्गाने ते मनापासून स्वीकारले नाही, हेही खरे.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची. शब्द भारदस्त होते. कित्येक वर्गांत त्यांचे काय झाले ते शिक्षक जाणतातच. कागदाची फुले, आइसक्रीमच्या काड्यांची घरे, आणि गुण देऊन झाले की ती कपाटावर धूळ खात पडलेली. काड्यांचे घर कलले तरी कोणाचे काही अडत नाही. चूक दाखवणारे तिथे कोणी नसते.

महाराष्ट्रात याला छेद देणारा प्रयोग पाबळला झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे उद्योगक्षेत्रात संशोधन केलेले शास्त्रज्ञ. १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना काम करता करता तंत्र आणि त्यामागचे विज्ञान शिकवणे हा तिथला हेतू. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला आणि राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. आठवड्यातला एक दिवस मुले हातांनी काम करतात. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर असतात. गावाला लागणारी कामे मुले करून देतात आणि त्याचा मोबदलाही घेतला जातो. या शेवटच्या गोष्टीत सारे आले. पैसे मोजणारा गावकरी गळका नळ किंवा कललेला कठडा चालवून घेत नाही.

बांधकामावर काय पाहावे, काय करावे

हा इतिहास ध्यानात घेऊन आपण मुलांना बांधकामावर नेतो, तेव्हा नुसते फिरवून आणणे पुरेसे नाही, हे उघड आहे. कोमेनियसची चित्रेसुद्धा तेवढे करीत होती. मुलांना हात लावता येईल, चूक करता येईल आणि ती चूक वस्तूच दाखवील, अशी कामे आधीच निवडून ठेवावी लागतील. त्यासाठी गवंड्याकडची तीन साधने पुरतात.

पहिले साधन गुण्या. पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आहे की नाही, म्हणजेच 'गुण्यात' आहे की नाही, ते पाहावे लागते. लहान कोपऱ्याला लोखंडी गुण्या चालतो, मोठ्या जागेला नाही. मग कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांची आणि दुसरीवर ४ फुटांची खूण करतात आणि दोन खुणांमधले अंतर मोजतात. ते बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात. विटांच्या वेदी रचण्यासाठी सांगितलेल्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आहे आणि ३ व ४ ही जोडीही दिलेली आहे. पायथागोरसचे प्रमेय शिकलेल्या मुलांना मैदानावर दोरी आणि फक्की देऊन १५ फूट बाय २० फुटांची खोली आखायला सांगावी. कर्ण २५ फूट आला नाही, तर कोणता खुंट सरकवायचा यावर जी चर्चा होते, ती फळ्यापुढे होत नाही.

दुसरे साधन ओळंबा. दोरीला बांधलेले वजन पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवते आणि भिंत तिच्याशी समांतर हवी, एवढेच त्याचे तत्त्व. मुलांनी पाच-सहा विटांचे थर चुन्या-सिमेंटविना नुसते रचावेत आणि ओळंबा लावून पाहावा. प्रत्येक थरात सांधा मोडला नाही, म्हणजे उभ्या सांध्यावर उभा सांधा आला, तर रचना हलक्या धक्क्यानेही फाकते. ते एकदा पाहिले की सांधामोड का करतात हे सांगावे लागत नाही.

तिसरे साधन पाणसळ. शब्दातच पाणी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन भिंतींपाशी धरली, की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते. शाळेच्या व्हरांड्याच्या दोन टोकांच्या उंचीत किती फरक आहे हे सहावीतली मुलेही अशा नळीने काढू शकतात.

यांच्या जोडीला साहित्याच्या दोन परीक्षा घ्याव्यात. वेगवेगळ्या ढिगांतल्या विटा आणून एकमेकींवर आपटाव्यात. चांगली भाजलेली वीट खणखणीत वाजते. मग कोरडी वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात ठेवावी, पुसून पुन्हा तोलावी. साधारण बांधकामाच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. शेकडेवारीचे असे उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. दुसरी परीक्षा सिमेंटची. सिमेंट वाळते, म्हणजे सुकते, असे मुलांना वाटते. वास्तविक पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, आणि म्हणूनच बांधकामावर पाणी मारावे लागते. सिमेंट-वाळूच्या एकसारख्या वड्या पाडून दुसऱ्या दिवसापासून निम्म्या सात दिवस पाण्यात ठेवाव्यात, निम्म्या उन्हात. मग दोन्ही टोकांना आधार देऊन मधोमध वजन टांगत जावे. कोणती आधी मोडते ते वहीत लिहावे. सिमेंटला उघड्या हातांनी शिवू देऊ नये, त्याने कातडी पोळते.

प्रत्यक्ष जागेवर जाण्याआधी बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्याला भेटून कोणत्या दिवशी कोणते काम आहे ते विचारावे. स्लॅब भरण्याच्या दिवशी कोणाला बोलायला वेळ नसतो. विटकाम किंवा गिलावा चालू असेल तो दिवस बरा. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट आणि एका वेळी बारा-पंधराच मुले. परातीवर चढणे नाही, उघड्या खड्ड्याच्या काठी उभे राहणे नाही. ज्या गवंड्याचा दिवस आपण खर्ची घालतो त्याला त्याचा मोबदला द्यावा, आणि वर्गात बोलावले तर खुर्ची द्यावी.

कोणाची मुले?

आता दुसरा प्रश्न. बांधकामावर गेलेल्या मुलांना तिथे त्यांच्याच वयाची मुले दिसतील. ती सहलीला आलेली नसतील. आई घमेली वाहते आणि ती धाकट्या भावाला सांभाळत वाळूच्या ढिगाशी बसलेली असतात. अशा मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था १९६९ पासून बांधकामांवर पाळणाघरे चालवू लागली. पुण्या-मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल'ने त्यांच्यापर्यंत शाळा नेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा अधिकार दिला आणि बालमजुरीच्या कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास जवळजवळ सरसकट मनाई केली. तरीही काम संपले की बिऱ्हाड हलते आणि शाळा सुटते. एका मुलासाठी जे शिक्षण आहे ते दुसऱ्यासाठी शिक्षण बुडण्याचे कारण आहे. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. भेटीनंतरच्या तासाला तिच्यावरही बोलावे, आणि ती मुले आपल्या पटावर येऊ शकतील का, याची चौकशी शाळेने करावी.

आणखी एक. बांधकामावर स्त्रिया ओझी वाहताना सर्वत्र दिसतात, थापी त्यांच्या हाती क्वचित दिसते. वर्गातल्या गटांत विटा आणून देण्याचे काम मुलींकडे आणि रचण्याचे मुलांकडे, अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देऊ नये. तसेच गवंड्याचा किंवा सुताराचा मुलगा वर्गात असेल, तर त्याला 'तुला येतच असेल' म्हणून बाजूला बसवू नये आणि काम त्याच्यावर ढकलूही नये. दोरी धरायला त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या मुलीला उभे करावे, आणि कर्णाचे गणित दोघांकडूनही करून घ्यावे.

हे सारे दहा दिवसांत होणार नाही. मैदानावर खोली आखण्याला दोन तास पुरतात, साहित्य म्हणून चार खुंट, सुतळी, फक्की आणि मोजपट्टी. ओळखीचा एखादा गवंडी त्या दिवशी बोलावता आला तर उत्तमच. मात्र पहिला खुंट ठोकताना हातोडी गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतः हातात घ्यावी.